जुने रिबन स्पीकर घेताना आणि विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. गेल्या अठरा वर्षांत रिबन स्पीकरच्या पाच जोड्या घेतल्या, तीन विकल्या, आणि ओळखीच्या माणसांबरोबर किती घरांच्या बेसमेंटमध्ये टॉर्च घेऊन वाकलो त्याचा हिशेब नाही. तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथे एकत्र केले आहेत. या स्पीकरांचा जुना बाजार मोठा आहे तो अमेरिकेत, म्हणून उदाहरणं बहुतेक इथली आहेत. पुण्या-मुंबईहूनही फोन येतात, त्यामुळे शेवटी तिकडचंही थोडं आहे. खालची निम्मी उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत, ती आधीच सांगतो: जुन्या जोडीचा भाव रिबनच्या तब्येतीवर ठरतो. मॉडेलचं नाव त्यानंतर येतं.

रिबन स्पीकर म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या स्पीकरात कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन असतो, त्याच्या मागे तारेचं वेटोळं, आणि हे वेटोळं चुंबकाच्या फटीत मागेपुढे होतं. रिबनमध्ये ही सगळी मधली माणसं गाळलेली आहेत. अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ, बारीक चुण्या घातलेली पट्टी चुंबकांच्या मधे टांगलेली असते. वीज तिच्यातून वाहते, हलते तीच आणि हवा ढकलते तीच. मॅग्नेपॅन या अमेरिकन कंपनीच्या रिबन ट्वीटरमधली (ट्वीटर म्हणजे वरचे, बारीक सूर वाजवणारा भाग) पट्टी सुमारे २.५ मायक्रॉन जाडीची असते. डोक्यावरचा केस तिच्या वीस-तीस पट जाड भरेल. वजन जवळपास नसल्यामुळे ती क्षणात सुरू होते आणि क्षणात थांबते. तबल्याच्या चाटीवर बोट पडून उचललं जातं, तो उचलण्याचा क्षणही ऐकू येतो. एकदा ते कानाला लागलं की माणूस या स्पीकरांच्या मागे का लागतो हे वेगळं समजवावं लागत नाही.

कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२०च्या दशकात जर्मनीत शॉटकी आणि गेरलाख यांनी ती मांडली. हेच यंत्र उलटं चालवलं की मायक्रोफोन होतो. १९३०च्या दशकात आरसीए या अमेरिकन कंपनीचे रिबन मायक्रोफोन रेडिओ स्टेशनांत पोहोचले ते याच तत्त्वावर.

जाहिरातीत 'रिबन' लिहिलेलं सगळं रिबनच असतं का?

नाही, आणि इथेच पहिली गफलत होते. चार वेगळ्या वस्तू या एका नावाखाली विकल्या जातात.

खरी रिबन वर सांगितली ती. दुसरा प्रकार प्लेनरचा: प्लॅस्टिकच्या ताणलेल्या पडद्यावर तारा किंवा फॉइल चिकटवलेली असते. मॅग्नेपॅनच्या १.६ मॉडेलमध्ये खालपासून वरपर्यंत असाच पडदा आहे. त्यातल्या ट्वीटरच्या भागाला कंपनी क्वासी-रिबन म्हणते. ३.६ आणि २०.१ या मॉडेलांत ट्वीटर खरी रिबन, बाकी पडदा. तिसरा प्रकार ऑस्कर हाइल यांच्या एअर मोशन ट्रान्सफॉर्मरचा, ज्यात घडीचा पडदा भात्यासारखा हवा पिळून बाहेर काढतो. चौथा इलेक्ट्रोस्टॅटिक. त्यात चुंबकच नसतो, उच्च दाबाची वीज असते आणि म्हणून बहुधा भिंतीतल्या प्लगची गरज लागते. पुण्याच्या केडन्स कंपनीचे हायब्रिड स्पीकर या चौथ्या प्रकारातले.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. खरी रिबन सैल पडते किंवा तुटते. प्लेनरमध्ये डिंक सुटून तार पडद्यावरून उठते. समोर काय आहे ते माहीत नसेल तर काय तपासायचं तेही कळत नाही. म्हणून विकणाऱ्याला पूर्ण मॉडेल नंबर विचारा. 'मोठे मॅगी (म्हणजे मॅग्नेपॅन) आहेत' एवढ्यावर गाडी काढू नका.

साधारण कोणत्या जोड्या विकायला येतात?

सगळ्यात जास्त मॅग्नेपॅन. थ्रीएम कंपनीतले इंजिनिअर जिम विनी यांनी १९६९मध्ये मिनेसोटात ती सुरू केली आणि व्हाइट बेअर लेकचा कारखाना जुन्या मॉडेलांचीही दुरुस्ती करत आला आहे. पहिली जोडी घेणाऱ्याला मी डोळे मिटून इकडे पाठवतो, ते याच कारणासाठी.

मग अ‍ॅपोजी. १९८०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेली ही कंपनी. तिच्या मोठ्या मॉडेलांत खर्जापासून तारापर्यंत सगळं रिबनवर आहे: सिंटिला, ड्युएटा, डीव्हा. कंपनी १९९०च्या दशकाअखेर संपली, पण स्पीकर अजून हात बदलताहेत. नव्या रिबन बनवून देणारे मोजके कारागीर अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि युरोपात आहेत. त्यांच्याकडे रांग असते आणि काम स्वस्त नसतं.

कधीमधी बॉब कार्व्हर यांचे अमेझिंग स्पीकर दिसतात, ६० इंची रिबन आणि तिच्या शेजारी उघड्या फळीवर मोठे वूफर, म्हणजे खर्जाचे कोन. शिवाय साध्या खोक्यात फक्त ट्वीटर रिबनचा, असेही पुष्कळ येतात. ते न्यायला-आणायला सोपे, धोका कमी, आणि खोली लहान असेल तर मी तेच सुचवतो.

जोडी बघायला गेल्यावर आधी काय बघायचं?

वाजवायच्या आधी बघायचं. विकणारे उत्साहाने लगेच गाणं लावतात, आणि एकदा कान खूश झाला की डोळे काम करत नाहीत. "आधी दहा मिनिटं नुसता बघतो, चालेल ना?" असं सरळ विचारा. जाणकार विकणारा उलट खूश होतो.

टॉर्च तिरकी धरा. समोरून प्रकाश टाकला तर फक्त चमक दिसते. बाजूने टाकला की चुण्यांच्या सावल्या पडतात. या सावल्या वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर हव्यात. खालच्या भागात चुण्या दाटलेल्या आणि वर ताणलेल्या दिसल्या, तर पट्टी स्वतःच्या वजनाने उतरली आहे. पट्टी एका बाजूला कलून चुंबकाला टेकत असेल, तर मोठ्या आवाजाला तडतडणारच. मग चुंबकाच्या कडा बघा. तिथे लोखंडाचा एखादा बारीक कीस चिकटलेला असू शकतो, सुईच्या टोकाएवढा. कुणीतरी जवळपास ड्रिल चालवलेलं असतं. तो कीस रिबनला घासत राहतो. फुंकर मारून काढायचा मोह होईल. अजिबात फुंकू नका, व्हॅक्यूम तर लांबच. फुंकरेने २.५ मायक्रॉनची पट्टी फाटते. खिशात स्क्रू-ड्रायव्हर असेल तर तोही लांब ठेवा, चुंबक तो हातातून ओढून घेतो.

मॅग्नेपॅनचा पडदा कापडाच्या मोज्यात झाकलेला असतो. विकणाऱ्याच्या परवानगीने खालच्या बाजूच्या दोन-चार स्टेपल काढून कापड थोडं वर करता येतं. आत पडद्यावर उभ्या तारा दिसतात. बोट न लावता बघा: तार पडद्यापासून उठून धनुष्यासारखी वाकली आहे का? असेल तर डिंक सुटलाय. उन्हात ठेवलेल्या आणि दमट घरातल्या जुन्या जोड्यांना हे हमखास होतं. एखादी-दुसरी तार घरी चिकटवता येते. अर्धा पडदा सुटला असेल तर कारखान्याचं काम आहे.

अ‍ॅपोजीत खर्जाच्या मोठ्या रिबनच्या कडेचा फोम बघायचा. पिवळा पडून भुगा होत असेल तर पॅनेल उघडावं लागणार हे धरून चाला.

शेवटी जोडी खरोखर जोडी आहे का ते बघा. असे बहुतेक मोठे स्पीकर आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात, एकाचा ट्वीटर डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे. दोन मोडक्या जोड्यांतून एक जमवलेली असेल तर दोन्ही 'डावे' निघतात. अनुक्रमांक जुळवून घ्या. ३.६ घेत असाल तर क्रॉसओव्हरचे (खर्ज आणि तार सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचे) वेगळे दोन डबे ताब्यात घ्यायला विसरू नका. ते विकणाऱ्याच्या सोफ्यामागेच राहून गेले, असं माझ्या समोर घडलंय.

ऐकून बघायला कोणतं संगीत न्यावं?

आपण मराठी माणसं इथे एका विशिष्ट चुकीत सापडतो. मी सापडलो, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी पहिली अ‍ॅपोजी ड्युएटा बघायला मी पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी गेलो होतो. बाहेर बर्फ, आत एका निवृत्त गृहस्थांचं उबदार बेसमेंट. मी माझी आवडती ख्यालगायनाची सीडी दिली. तानपुरे सुरू झाले आणि मी पाच मिनिटांत मनाने स्पीकर घरी आणले. जवारी अशी उघडी कधी ऐकलीच नव्हती. सुराच्या भोवती झुणझुण गोल फिरत होती. पैसे दिले, जोडी आणली, मांडली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी गाणं संपलं, पुढचा ट्रॅक नुसत्या पखवाजाचा होता, आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तानपुरा थांबला ना? मग ती घरघर कसली येतेय?"

खर्जाच्या रिबनची कड सुटलेली होती. ती घरघर आदल्या दिवशीही होतीच, पण जवारीत मिसळून गेली होती. जवारी म्हणजे तारेचं घोडीवर मुद्दाम घडवलेलं घासणं, आणि सुटलेल्या रिबनचा आवाज त्याच जातीचा असतो. विकणाऱ्यांना दोष देत नाही. ते हळू आवाजात व्हायोलिन ऐकायचे, त्यांना तो खर्ज कधी लागलाच नव्हता.

तेव्हापासून तपासणीला तानपुरा नाही, सतार नाही, हार्मोनियमही नाही, कारण तिच्या पत्तीला स्वतःची गुणगुण असते. सगळ्यात कामाचा आहे डग्गा. डग्ग्यावर मनगट सरकवून घेतलेली मींड खालच्या सुरांतून सावकाश चढते. ज्या सुराला पॅनेल घरघरतं तो सूर वाटेत लागतोच. त्यानंतर एकेक सुटा स्वर वाजणारा पियानो, आणि कुणा पुरुष गायकाचा मंद्र षड्ज, शक्यतो मागे काही नसताना. मग फोनवरून ३० ते २०० हर्ट्‌झचा साधा चढता सूर, आवाज बेताचाच ठेवून. हे सगळं एकेका बाजूला वेगवेगळं वाजवा. दोन्ही एकदम वाजत असताना दोष कुठल्या पॅनेलमध्ये आहे ते सापडत नाही.

हे झालं की मग तुमचा तानपुरा लावा आणि खुशाल डोळे मिटा.

मल्टीमीटरने तपासता येतं का?

थोडंफार. पण मीटर इथे फसवू शकतो. बऱ्याच रिबन ट्वीटरांचा रोध इतका कमी असतो, ओहमचा छोटा अंश, की अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि रिबन यांच्यात ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. अशा स्पीकरात बाहेरून मीटर लावला तर तो ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं मोजतो. आत रिबन तुटून लोंबत असली तरी मीटर 'ठीक' म्हणतो. दुसरीकडे ट्वीटरच्या वाटेत मीटरची वीज अडवणारा कपॅसिटर असला तर चांगल्या ट्वीटरलाही मीटर 'तुटलेलं' म्हणतो.

मॅग्नेपॅनच्या मोठ्या मॉडेलांतला ट्वीटर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतो आणि त्याचा रोध मोजण्याइतका असतो. मात्र मोजायचं ते ट्वीटरच्या स्वतःच्या टोकांवर, केबल लावायच्या जागी नाही. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

ट्वीटर मुका असेल तर निराश व्हायच्या आधी दोन गोष्टी बघा: मागचा फ्यूज, आणि शेजारची छोटी धातूची जोडपट्टी किंवा रेझिस्टर. ती पट्टी घर बदलताना हरवते आणि 'ट्वीटर गेलाय' म्हणून जोडी अर्ध्या भावात निघते. उलट फ्यूजच्या जागी जाडा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवलेला दिसला, तर त्या घरात रिबनवर काय काय अत्याचार झालेत याची कल्पना करा आणि नमस्कार करून निघा.

माझ्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर आहे. चालेल?

बहुधा नाही. मॅग्नेपॅन ४ ओहमच्या आसपास राहतो आणि तेवढ्याच वीजेत इतरांपेक्षा कमी आवाज देतो. ४ ओहमला शंभर-दोनशे वॅट न दमता देणारा अ‍ॅम्प हवा. सिंटिलाची तर गोष्टच वेगळी. ती १ ओहमच्या जोडणीसाठी ओळखली जाते, आणि त्या भाराखाली १९८०च्या दशकातले क्रेल कंपनीचे अवजड अ‍ॅम्प टिकायचे म्हणून ती जोडगोळी गाजली. साधा अ‍ॅम्प तिथे एक तर बंद पडतो किंवा कापलेला, करवतीसारखा सिग्नल देतो, आणि रिबनचा जीव त्यातच जातो. रिबनचे बळी मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा दमलेल्या छोट्या अ‍ॅम्पने जास्त घेतले आहेत, असं माझं मत आहे.

दुसऱ्याचे स्पीकर बघायला जाताना स्वतःचा अ‍ॅम्प न्यायचा असेल तर आधी विचारा. आणि ज्या अ‍ॅम्पमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) गळते असा संशय आहे, तो अ‍ॅम्प कुणाच्याही दारात नेऊ नका.

रिबन तुटलेली जोडी स्वस्तात मिळतेय. घ्यावी?

मॅग्नेपॅनची असेल आणि फक्त ट्वीटर गेला असेल तर जरूर विचार करा. ट्वीटर पूर्ण पट्टीनिशी बदलून मिळतो आणि काम चार-सहा स्क्रूंचं आहे. मी ते जेवणाच्या टेबलावर केलंय, घरातले पंखे आणि हीटर बंद करून. फक्त आधी कारखान्याला फोन करून त्या मॉडेलचा ट्वीटर आज मिळतो का आणि कितीला, एवढं विचारून घ्या.

अ‍ॅपोजीच्या खर्जाची रिबन गेली असेल तर पहिल्याच खेपेला हात घालू नका. त्यासाठी धीर हवा, मोकळं गॅरेज हवं, आणि कारागिराच्या रांगेत उभं राहायची तयारी हवी. ज्यांच्याकडे हे तिन्ही आहे त्यांना मात्र याहून समाधानाचं काम मिळणार नाही.

भाव कसा ठरवायचा?

तानपुरा विकत घेताना तारा जुन्या आहेत म्हणून कुणी भोपळा नाकारत नाही. तारांचे पैसे वजा करतो. इथेही तेच करा. आधी, त्याच मॉडेलची निरोगी जोडी सध्या कितीला जाते ते काढा. मागितलेले भाव बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या जोड्यांचे बघा. कुणी काहीही मागतं. त्यातून रिबनचा किंवा ट्वीटरचा आजचा खर्च वजा करा. मूळ खोकी नसतील तर आणखी थोडं. रिबन अलीकडे बदललेली असेल आणि पावती असेल तर तेवढं वाढवा, पण खर्च केलेला डॉलर न डॉलर वसूल होईल अशी अपेक्षा विकणाऱ्याने ठेवू नये.

घासाघीस करायला हरकत नाही, पण दोष दाखवून करा. "खालच्या चुण्या दाटल्या आहेत, ट्वीटर दोन-तीन वर्षांत बदलावा लागेल, म्हणून एवढे कमी करा" हे कुणालाही पटतं. नुसतं "शेवटचा किती?" विचारलं की समोरचा मनातून मिटतो. आणि दोन तासांचा प्रवास करून दारात उभं राहून ठरलेला भाव पाडू नका. फोटोत न दिसलेला दोष निघाला तर गोष्ट वेगळी.

दूरच्या राज्यातली जोडी मागवावी का?

मागवता येते, पण मी आता सहा तासांच्या आत गाडीने जाऊन आणतो. एकदा जोडी ट्रकने मागवली होती. विकणाऱ्याने मायेने बांधली होती, भरपूर बबल रॅप, जाड पुठ्ठा. पण ट्वीटरसमोर लावायची धातूची संरक्षक पट्टी त्याच्याकडे नव्हती, आणि बबल रॅप थेट रिबनच्या तोंडावर घट्ट गुंडाळलेला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या रॅपने हवा आत-बाहेर दाबली असणार. खोकं उघडलं तेव्हा बाहेरून एक ओरखडा नव्हता आणि आत एका बाजूची रिबन दोऱ्यासारखी गोळा झाली होती. विमा मिळाला नाही, कारण 'खोक्याला इजा नाही'. आम्ही दोघांनी ट्वीटरचा खर्च निम्मा-निम्मा सोसला. त्याने स्वतःहून तयारी दाखवली, ते मी विसरलो नाही.

म्हणून बांधताना रिबनच्या समोर ताठ फळी किंवा पट्टी हवी, तिला न टेकणारी. त्यावरून गुंडाळा. पॅनेल लाकडी पॅलेटवर काठावर उभी करून पट्ट्यांनी बांधा, सपाट रचू नका. क्रॉसओव्हर, पाय, स्क्रू वेगळ्या खोक्यात. पॅनेलच्या खोक्यात सुटं लोखंड अजिबात नको, चुंबक ते शोधून काढतो.

स्वतःच्या गाडीतून आणणार असाल तर मिनी-व्हॅनच्या सीट पाडून ३.६ची जोडी मावते, सुमारे सहा फूट बाय दोन फूट. मुख्य काळजी उचलताना आणि ठेवताना. पॅनेल झपकन आडवं केलं की ते मोठ्या पंख्यासारखं हवा कापतं आणि ती हवा रिबनमधूनच जाते. दोन माणसं, सावकाश, कडेने. पार्किंगमध्ये वारा असेल तर पॅनेलवर आतच ब्लँकेट घाला आणि मग बाहेर काढा.

पैशांच्या व्यवहारात काय सांभाळायचं?

समोरासमोर असेल तर ऐकून झाल्यावर, गाडीत चढवायच्या आधी, रोख. लांबून ठेवून घ्यायची असेल तर थोडा इसार द्या आणि जोडी पसंत पडली नाही तर तो परत मिळेल का हे लिहून ठरवा.

पेपॅलवर वस्तूच्या खरेदीचा पर्याय वापरा. 'मित्र आणि कुटुंब' म्हणून पाठवलेल्या पैशाला खरेदीदाराचं संरक्षण नसतं, आणि झेल (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) वरून गेलेले पैसे परत मिळवणं फार अवघड असतं. अनोळखी माणूस फी वाचवायला तसं करा म्हणत असेल तर ती फी तुम्ही भरा. विकणाऱ्यांसाठी: 'जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे माझ्या हमालाला द्या' असं कुणी म्हणालं तर संभाषण तिथेच थांबवा. तो चेक काही दिवसांनी खोटा ठरतो आणि हमालाला दिलेले पैसे तुमचे असतात.

विकताना जाहिरातीत काय लिहावं?

पूर्ण मॉडेल, अनुक्रमांक, कितवे मालक, रिबन कधी बदलली, कोणत्या अ‍ॅम्पवर वाजवले, घरात मांजर आहे का. हो, मांजर. मोज्याच्या कापडावर नखं मारायला मांजरांना फार आवडतं. फोटो तिरक्या प्रकाशातले, मागच्या टर्मिनलचे, फ्यूजचे. आणि माहीत असलेला प्रत्येक दोष, अगदी लाकडाच्या पट्टीवरचा टवकाही. दोष लिहिले तर विकत नाही ही भीती खोटी आहे. या छंदात माणसं कमी आहेत आणि तीच तीच आहेत. आज ज्याला विकाल त्याच्याकडून दहा वर्षांनी काहीतरी घ्याल.

जोडलेली, वाजती ठेवा. स्पीकर गॅरेजमध्ये उभे करून 'चालू आहेत, माझा शब्द' म्हणणाऱ्याला अर्धाच भाव येतो, आणि तो योग्यच आहे. मांडताना मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे आणा. हे स्पीकर मागेही तेवढाच आवाज टाकतात. भिंतीला चिकटवले तर चांगली जोडीही कोंदट वाटते.

परत भारतात जातोय. बरोबर नेऊ की इथेच विकू?

वीजेची अडचण नाही. रिबन आणि प्लेनर स्पीकरांना प्लग नसतो, त्यामुळे १२० आणि २३० व्होल्टचा प्रश्न फक्त अ‍ॅम्पचा. घरच्या सामानाचा कंटेनर जाणारच असेल आणि मूळ खोकी असतील तर न्या. नुसती जोडी वेगळी पाठवणं भाडं आणि कस्टम्स धरून परवडत नाही.

कुठे राहणार हेही बघा. पुणे, नाशिक, नागपूर ठीक. मुंबईत समुद्राकाठी, रत्नागिरीला किंवा गोव्यात खारी दमट हवा अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड आणते आणि डिंकाला सोडवते. तिथे बंद, एसीची किंवा हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राची खोली असेल तरच न्या. आणि जायच्या आधी एक ट्वीटरची जोडी जास्तीची घेऊन ठेवा. तिकडून मागवण्यापेक्षा इथून बॅगेत नेणं सोपं.

जुनी जोडी तिकडेच विकत घेत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन ऐका. पावसाळ्यात जी घरघरत नाही ती वर्षभर घरघरत नाही.

कुणी ऐकायला घरी येणार आहे. किती वेळ द्यावा?

दोन तास धरा. गेल्या वर्षी मी माझी ३.६ विकली ती एडिसन गावाहून आलेल्या एका मुलाला. नोकरीला लागून दुसरं वर्ष, बरोबर आई. तो टॉर्च घेऊन आला होता, तिरकी धरली, चुण्या मोजाव्यात तशा बघितल्या. मग डग्गा लावला, डावा वेगळा, उजवा वेगळा. मी काही बोललो नाही. उजव्याच्या खालच्या कोपऱ्यात एक तार उठली होती आणि मी चिकटवली होती. जाहिरातीत लिहिलं होतं, तरी त्याने कापड वर करून बघितली. "काका, हा कोणता डिंक?" मी नळी दाखवली, त्याने फोटो काढला.

आईंनी तासाभराने विचारलं, "आता काहीतरी गाणं लावणार का नुसतंच ढब-ढब?" त्याने गाणं लावलं. तानपुरे सुरू झाले आणि त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. भावाचं बोलणं त्यानंतर पाच मिनिटांत झालं. संरक्षक पट्ट्या मी आधीच लावून दिल्या, जास्तीचे दोन फ्यूज पाकिटात घालून त्यावर अँपिअरचा आकडा लिहिला, आणि पॅनेल तिघांनी मिळून, सावकाश, कडेने गाडीत चढवली. रात्री साडेदहाला फोन आला: "काका, उजवा ट्वीटर वाजतच नाहीये." मी म्हटलं, मागची छोटी पट्टी बघ. ती आईंच्या पर्समध्ये निघाली.